परतलेली टोळी

गणपतीच्या आधी झाडलोट करताना माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली. अंबाजोगाईचं आमचं जुनं घर, माळवदाचं. पेटीत वडिलांच्या भजनाच्या वह्या होत्या, जोडीदार हरवलेली एक चिपळी होती आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कॅसेटी. त्यातल्या एका डबीतला कागद कसरीने अर्धा खाल्ला होता, पण नाव शाबूत होतं. रॉक मशीन.

फीत आतल्या आत ढिली पडून गुंतली होती. ओसरीवर बसून ती सोडवायला घेतली. ज्यांनी हे काम केलंय त्यांच्या बोटांना ते अजून पाठ असेल. कॅसेटीच्या दातेरी भोकात सहाकोनी पेन्सिल खोवायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फितीला हलका ताण द्यायचा आणि सावकाश फिरवायचं. घाई केली की फीत पिळा खाते. चार मिलिमीटरही रुंदी नसलेली ती तपकिरी पट्टी, एका जागी तिला घडी पडलेली. नखाने ती सपाट केली. गाणं त्या जागी आता कायमचं अडखळणार, हे माहीत होतं.

कॅसेट माझ्या आत्तेभावाची, दादाची. तो मुंबईला इंजिनिअरिंगला होता. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून त्याने ती घेतली आणि दिवाळीच्या सुटीत एसटीने आमच्याकडे घेऊन आला. घरात फिलिप्सचा टू-इन-वन होता. सकाळी त्यावर अभंग, दुपारी विविध भारती. त्या दुपारी त्यातून जे बाहेर पडलं ते आमच्या घराने आधी ऐकलेलं नव्हतं. आजी जात्यापाशी निवडण करत होती. विजेच्या गिटारीचा लांबलेला सूर ऐकून तिने हात थांबवला आणि विचारलं, "यातलं रडतंय कोण रे?"

दादाने डबीतला कागद उलगडून मला नावं वाचून दाखवली. इंग्रजी गाणी, इंग्रजी नाव, आणि त्या यादीत महेश तिनईकर. मला वाटलं होतं, ही माणसं साहेबांच्या देशातली असणार. ती मुंबईची निघाली.

त्या बँडचं पुढे काय झालं, हे मी गेली तीसेक वर्षं जमेल तसं पाहत आलो. तो मोठा झाला, नाव बदललं, फुटला, तेरा वर्षं गप्प राहिला आणि परत उभा राहिला. आपल्याकडे संगीताच्या मंडळ्या मोडल्याच्या गोष्टी ढिगाने आहेत. जुळल्याच्या फार थोड्या. म्हणून ही लिहायची होती.

१९८४ साली मुंबईत रॉक मशीन उभा राहिला. गिटारीवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेस गिटारीवर मार्क सेल्विन, ड्रमवर आफताब करीम, गायला इयान सांतामारिया. ही नावं एका दमात वाचली की मुंबईचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. पुढे गायक बदलला, उदय बेनेगल आला. कीबोर्डवर झुबीन बालापोरिया आला आणि बँडच्या आवाजाला अंग भरलं. काही वर्षांनी ड्रमवर मार्क मेनेझिस बसला.

त्या काळातलं चित्र आजच्या पोरांना सांगावं लागतं. बहुतेक रॉक बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवायचे. ऐकणाऱ्यालाही तेच हवं असायचं. स्वतःचं गाणं सुरू केलं की लोक चुळबुळ करायचे, कारण ते कोणाला पाठ नसायचं. चांगली गिटार बाहेरगावाहून येणाऱ्या नातेवाइकाकरवी आणावी लागे आणि आयात कर ऐकून घरच्यांचे डोळे पांढरे होत. वाद्यांसाठी धोबी तलावचं फुर्ताडोस, १८६५ पासूनचं दुकान. कार्यक्रम म्हणजे मुख्यतः कॉलेजांचे महोत्सव, आणि वर्षातून एकदा ऑगस्टात १९८६ पासून सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक, रंगभवनातला.

रंगभवन हे नाव मी दादाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की मुंबईला पहिल्यांदा गेलो तेव्हा गेटवेच्या आधी ते पाहिलं. सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, उघड्या आकाशाखालचं नाट्यगृह. ऑगस्टातला पाऊस डोक्यावर घेत पोरं तिथे उभी राहायची. शेजारी रुग्णालयं, म्हणून शांतता क्षेत्राचा नियम लागला आणि २००३च्या सुमारास तिथला आवाज बंद झाला. रुग्णांची शांतता हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण एवढ्या मोठ्या शहराने त्या पोरांना दुसरी तशी जागा दिली नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

आणि त्याच गल्लीत, झेवियर्सच्याच चौकात, त्याआधी पंचवीस-तीस वर्षं दुसरंच काही घडून गेलं होतं. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले मोठे व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक. १९५८ साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला. शंभरावर वादक एकत्र बसवले, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला बोलावलं आणि आपल्या रागांना पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या साच्यात बसवून स्वतः लिहिलेल्या रचना झेवियर्समध्ये सादर केल्या. पैसा नव्हता, पाठबळ नव्हतं. प्रयोग टिकला नाही. साठच्या दशकात ते अमेरिकेला गेले, पुढे गोव्यात परतले आणि २०१२ साली वारले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये गुरूचं नाव एका गाण्यात घातलं. अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ ते गातो. आमच्या जिल्ह्यातला एकही बँडवाला असा नसेल ज्याने ते गाणं वरातीत वाजवलं नाही. ते नाव कोणाचं, हे वाजवणाऱ्याला ठाऊक नसतं, नवरदेवालाही नसतं.

हे आडवळण घेतलं त्याला कारण आहे. सिंफनी आणि रॉक ही दोन टोकं जोडायचा खटाटोप जगात सगळ्यांत जिद्दीने झाला असेल तर तो सत्तरच्या दशकात, आणि त्यात इंग्लंडच्या शेजारच्या एका चिमुकल्या देशाचा वाटा मोठा होता. नेदरलँड्स. ज्या कॅसेटीची फीत मी पेन्सिलीने गुंडाळत होतो ती त्याच देशातल्या फिलिप्स कंपनीची देणगी. लू ऑटेन्स नावाच्या अभियंत्याच्या हाताखालच्या गटाने ती तयार केली आणि १९६३ साली जगापुढे ठेवली. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, साठ मिनिटांच्या कॅसेटीत एका बाजूला अर्धा तास. खिशात मावणाऱ्या त्या डबीने जगातलं संगीत अंबाजोगाईच्या ओसरीवर आणून ठेवलं. ऑटेन्स २०२१ साली गेले. मी त्या दिवशी घरात सगळ्यांना सांगितलं, पण कोणाला नाव माहीत नव्हतं.

त्याच देशात हिल्व्हर्सम नावाचं गाव आहे. देशातली बहुतेक नभोवाणी केंद्रं या गावात एकवटलेली, म्हणून ते रेडिओचं गाव म्हणून ओळखलं जातं. १९७२ साली तिथे टॉन शेर्पेनझेल आणि पिम कोपमान या दोन तरुणांनी कायाक नावाचा बँड काढला. शेर्पेनझेल पियानो-ऑर्गनवर, कोपमान ड्रमवर, गाणी दोघेही रचणारे. मॅक्स वेर्नर गायला. १९७३ साली पहिली तबकडी आली.

सिंफनिक रॉक म्हणजे काय, ते या बँडवरून समजून घेता येतं. तीन मिनिटांचं गाणं, ध्रुपद-अंतरा-ध्रुपद, एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. एका रचनेत दोन-तीन चाली, मध्येच लय बदलणार, सुरुवातीला आलेली सुरावट शेवटी मोठी होऊन परतणार. गिटार आणि ड्रमच्या मागे अख्खा व्हायोलिनचा ताफा वाजतोय असं वाटायला हवं. ताफा परवडत नाही, मग काय करायचं? त्यावर तोडगा होता मेलोट्रॉन.

हे यंत्र मला फार आवडतं, म्हणून थोडं थांबतो. दिसायला पायपेटीएवढं पांढरं खोकं, पस्तीस पट्ट्या. प्रत्येक पट्टीखाली फितीचा एकेक स्वतंत्र तुकडा, त्यावर खऱ्या व्हायोलिनवादकांनी वाजवलेला तो एकच सूर मुद्रित केलेला. पट्टी दाबली की फीत खालच्या फिरत्या दांड्यावर टेकते आणि वाचणाऱ्या डोक्यावरून सरकू लागते. बोट उचललं की स्प्रिंग तिला झटक्यात मागे ओढते. एका फितीत जेमतेम आठ सेकंदांचा आवाज. त्यापलीकडे तुम्ही कितीही दाबून धरा, आवाज संपलेला असतो. म्हणून वाजवणाऱ्याला सतत हिशेब ठेवावा लागतो, कोणतं बोट कधी उचलायचं, कोणत्या सुराला माघारी जायला किती वेळ द्यायचा. हवा दमट झाली की फिती आळस धरतात आणि अख्खा ताफा बेसूर होतो. ज्याने हातपेटीचा भाता एका हाताने हलवत भजनाला साथ केलीय त्याला या वादकाची धडपड सांगायला नको.

कायाकला देशात नाव मिळालं, सीमेपलीकडे फारसं नाही. एक कारण फार मानवी आहे. शेर्पेनझेल यांना विमानाची भीती वाटते. समुद्रापलीकडचे दौरे त्यांच्यासाठी कठीणच. पुढे ते इंग्लंडच्या कॅमल या नामांकित बँडमध्येही वाजवू लागले, पण तिथेही ही भीती आड आली. १९७६ साली कोपमान बाहेर पडला. १९७८ साली एडवर्ड रेकर्स गायला आला, तेव्हा आधीचा गायक वेर्नर उठून मागे जाऊन ड्रमवर बसला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. पुढचा माईक सोडून मागच्या ढोलावर बसणं आणि तरी त्याच मंडळीत राहणं, हे किती जणांना जमेल? त्याच मांडणीत त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं झालं. आणि तरी १९८२ साली बँड मोडला. तोवर बाजारात सिंथेसायझरची चटपटीत गाणी आली होती, दहा मिनिटांच्या रचनांना कोणी विचारत नव्हतं.

१९९९ साली एका दूरदर्शन कार्यक्रमाच्या निमित्ताने मंडळी परत भेटली आणि २००० साली नवी तबकडी निघाली. सतरा वर्षांची खाच ओलांडून वेर्नर पुन्हा माईकपाशी आला. पुढे गायक बदलत गेले, रेकर्सही परतला, तोही गेला. २००९च्या नोव्हेंबरात पिम कोपमान वारला. सत्तावीस वर्षांपूर्वी मोडलेला आणि परत जुळलेला बँड इथेच संपायला हवा होता. शेर्पेनझेल थांबले नाहीत. नवी माणसं घेतली, नव्या तबकड्या काढल्या आणि २०२२ साली निरोपाचा दौरा करून, पन्नास वर्षं पुरी करून, स्वतः दार लावून घेतलं.

मुंबईकडे परततो.

रॉक मशीनचा पहिला अल्बम १९८८ साली सीबीएसने काढला, 'रॉक अँड रोल रेनिगेड'. तीच माझ्या पेटीतली कॅसेट. १९९० साली दुसरा, 'द सेकंड कमिंग'. इथून गाडी मोठ्या रस्त्याला लागली. आत्तेभाऊ पत्रात लिहायचा की आता कॉलेजांत लोक त्यांची स्वतःची गाणी मागतात. माझ्या मते त्यांच्या सगळ्या वाटचालीतलं सर्वांत मोठं काम हेच. मुंबईतल्या पाच-सहा पोरांनी लोकांना परकी गाणी सोडून आपली गाणी पाठ करायला लावली. ती इंग्रजीत होती म्हणून ती आपली नाहीत, असं म्हणणारे मराठी संगीताचे अभ्यासक मला भेटले आहेत. मला ते कधीच पटलं नाही. गोन्साल्विसांची सिंफनी आपली असेल, तमाशातली हलगी आपली असेल, तर तिनईकरांची गिटारही महाराष्ट्राच्या संगीताच्या इतिहासात यायला हवी. आपल्या संगीतावरच्या जाडजूड ग्रंथांत तिला एक परिच्छेद मिळू नये, याचं मला वाईट वाटतं.

१९९३ साली त्यांनी नाव बदललं. इंडस क्रीड. रॉक मशीन हे नाव जगातल्या कोणत्याही शहरातल्या कोणत्याही बँडचं असू शकलं असतं. नव्या नावात सिंधू नदी आली. त्या वर्षी 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीच्या व्हिडिओ पुरस्कारांत आशियाच्या प्रेक्षकपसंतीचा मान मिळाला. आमच्या गल्लीत तेव्हा केबल नवीन होती, एका छतावर छत्रीसारखी तबकडी आणि तिच्यातून तीस घरांना तार. मी ती चित्रफीत शेजाऱ्यांकडे, दारात उभा राहून पाहिली. आत बसायला जागा नव्हती.

१९९३ हे वर्ष आमच्याकडचा माणूस विसरत नाही. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. अंबाजोगाई तिथून लांब नाही. आमची माळवदाची घरं हादरली, भिंतींना तडे गेले. कित्येक रात्री आम्ही अंगणात झोपलो. टू-इन-वनही अंगणात आणला होता, पण त्यातले सेल बातम्यांसाठी जपून ठेवायचे असं वडिलांनी बजावलं. कॅसेट लावायची नाही. तेव्हाच ती पेटीत गेली असावी. त्यानंतर घरात कोणाला त्या प्रकारचं संगीत ऐकायची इच्छा बरेच दिवस झाली नाही.

१९९५ साली 'इंडस क्रीड' याच नावाचा अल्बम आला. त्याच वर्षी अलिशाचं 'मेड इन इंडिया' आलं, दलेर मेहंदी आले. वाहिन्यांना आपला खरा गायक सापडला. हिंदीत गाणारा, नाचायला लावणारा. एमटीव्ही १९९६ साली नव्याने भारतात आलं ते हिंदी चित्रपटांची गाणी घेऊनच. ज्या खिडकीतून इंडस क्रीड देशभर पोचला होता ती खिडकी बंद झाली. १९९७ साली बँड थांबला. त्यांच्या आपसांतल्या गोष्टी त्यांच्या त्यांना माहीत. बाहेरून पाहणाऱ्या मला एवढं दिसतं की त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली होती.

आणि हे मला बीडचा माणूस म्हणून दिसतं. आमच्या जिल्ह्यात दर वर्षी हेच घडतं. दसरा झाला की ऊसतोडीचा मुकादम उचल वाटतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा कोयत्यांची टोळी बांधली जाते आणि ट्रॅक्टर, ट्रक पश्चिमेकडच्या, कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. मग कित्येक वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि लेकरं तेवढी मागे उरतात. भजनी मंडळातला पखवाजवाला टोळीत, वीणा धरणारा टोळीत. मंडळ मोडत नाही, पण वाजतही नाही. कारखान्याचा पट्टा पडला की चैत्राच्या आगेमागे माणसं परततात. मग एखाद्या एकादशीला देवळात पखवाजाला कणीक लागते आणि पहिल्या अभंगातच कळतं, कोण आलंय, कोण यंदा नाही. भांडून गेलेला माणूस परतताना अवघडतो. पोटासाठी गेलेला तसा अवघडत नाही, तो पायरीवर चप्पल काढून आपल्या जागेवर येऊन बसतो.

उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी आम्स फॉर शांती हा बँड काढला, आपल्याकडचे ताल आणि भाषा त्यात आणल्या. बाकीचे आपापल्या कामाला लागले. काही वर्षांनी उदय मुंबईला परतले. त्यांनी आणि महेश तिनईकरांनी व्हर्लिंग कलापाज नावाने साध्या, विजेविना वाजणाऱ्या गिटारी घेऊन छोट्या बैठकी सुरू केल्या. मोठा आवाज नाही, धूर नाही, रोषणाई नाही. दोन जुने सोबती समोरासमोर बसून वाजवतायत. पुन्हा जुळणं इथून सुरू झालं, असं मी मानतो. २०१० साली इंडस क्रीड परत उभा राहिला. उदय, महेश आणि झुबीन हे तिघे जुने. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे दोघे नवे, वयाने बरेच लहान.

इथे सोपा रस्ता त्यांच्यापुढे उघडा होता. जुनी दहा गाणी घ्यायची, चाळिशी-पन्नाशीतल्या श्रोत्यांसमोर वाजवायची, लोक डोळे पुसणार, सुपारी चांगली मिळणार. जगभरातले कितीतरी जुने बँड यावरच जगतात आणि मी त्यांना नावं ठेवत नाही, लोकांना आपलं तरुणपण तासभर परत मिळतं. इंडस क्रीडने दोन वर्षं तालमी केल्या आणि २०१२ साली 'इव्हॉल्व' हा संपूर्ण नव्या गाण्यांचा अल्बम काढला. मिश्रण केलं टिम पामर यांनी. पर्ल जॅमच्या 'टेन'चं, १९९१ साली जगभर गाजलेल्या त्या अल्बमचं मिश्रण करणारा हा माणूस.

'इव्हॉल्व' मी पहिल्यांदा ऐकला तो बीड-परळी रस्त्यावर, गाडीत. अपेक्षा होती ओळखीच्या आवाजाची. पहिल्याच गाण्याने मला गाडी बाजूला घ्यायला लावली. 'फायरफ्लाइज'. घाई नाही. सुरावट उलगडायला तिला हवा तेवढा वेळ दिलेला. झुबीनचा कीबोर्ड मागे आकाशासारखा पसरलेला, ड्रम सरळ रस्ता सोडून आडवाटेने जाणारे, गिटार कधी पुढे, कधी पार मागे. रॉक मशीन असताना ही पोरं थेट छातीवर येऊन गायची. आता ती एका मोठ्या रचनेत आपापली जागा धरून उभी होती. हिल्व्हर्समच्या त्या मंडळींनी ज्याचा ध्यास घेतला होता, सत्तरच्या दशकात, त्याच्या जवळ हे मुंबईचे लोक पन्नाशीच्या उंबऱ्यावर येऊन पोचले होते. गप्प राहिलेली तेरा वर्षं वाया गेली नव्हती. ती त्या संगीतात ऐकू येत होती.

एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. १९८८, १९९०, १९९५, २०१२. चारही अल्बमवर तिनईकरांची गिटार आहे. गायक बदलला, ड्रमवाले बदलले, नाव बदललं, कॅसेट गेली, सीडी आली आणि गेली, ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं. हिल्व्हर्समला शेर्पेनझेल, मुंबईला तिनईकर. अशी माणसं फारसं बोलत नाहीत, मुलाखतीत गायकाचा फोटो मोठा येतो. पण बाकीचे परतायचे म्हटले तर कुठे परतायचं, हे ती माणसं असतात म्हणून ठरतं.

हा लेख मनात चालू असताना मे महिन्यात माजलगाव तालुक्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. वरातीला डीजे नव्हता. ब्रास बँड होता, खराखुरा. लाल कोटाच्या बाह्यांवरची जर विटलेली, पण क्लॅरनेट सुरात. वरात पारावर थांबली तेव्हा क्लॅरनेटवाल्या मास्तरांशी बोलायला गेलो. साठीचे असावेत. त्यांनी क्लॅरनेटचं तोंड काढून त्यातली वेताची पत्ती मला दाखवली. टोकाला केसाएवढी चीर. "ही गेली की वाजतं, पण बोलत नाही," म्हणाले. दुसरी पत्ती त्यांनी वरच्या खिशातून, आगपेटीच्या डबीतून काढली, जिभेवर धरून ओली केली आणि दोऱ्याने आवळली.

त्यांचा बँड दोनदा मोडला. पहिल्यांदा डीजे आले तेव्हा. मग कसाबसा उभा केला, तर कोरोनाच्या दोन वर्षांत पन्नास माणसांच्या लग्नाला बँड कोण सांगणार? दोन हंगाम बुडाले. युफोनियम गहाण पडलं ते सुटलंच नाही. ढोलवाला पोरगा टोळीत गेला, ट्रम्पेटवाला पुण्याला वॉचमन लागला. मागच्या वर्षी मास्तरांनी पुन्हा माणसं गोळा केली. तालीम कुठे करता विचारलं, तर म्हणाले, रानात, विहिरीपाशी, सकाळी गुरं सोडायच्या आधी. गावात तालीम केली की पोरं हसतात.

मी त्यांना फोनवर 'इव्हॉल्व' लावून दिला. कानाला लावायच्या तारा होत्या, एक कान त्यांना, एक मला. पारावरच्या गोंधळात मास्तर डोळे मिटून ऐकत होते. शब्द कळणार नव्हते, मलाही पहिल्यांदा कळले नव्हते. उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेवून ते सुराच्या जागा दाबत होते. एका ठिकाणी गिटार वर चढली तेव्हा त्यांची करंगळी थबकली आणि मग बरोबर जागी पडली.

गाणं संपल्यावर त्यांनी तार काढून माझ्या हातात दिली.

"किती जण आहेत?"

"पाच."

"मोडला होता म्हणालात ना. त्यातले जुने किती?"

"तिघं."

मास्तरांनी मागे पाहिलं. पाराच्या कठड्यावर त्यांची मंडळी टेकली होती. साइड ड्रमवाला म्हातारा चहा बशीत ओतत होता, दुसरा क्लॅरनेटवाला बिडी पेटवत होता. बाकीची पोरं मोबाइलमध्ये. "आमच्यातपण तिघंच," म्हणाले. मग पत्तीचा दोरा पुन्हा एकदा चाचपला आणि क्लॅरनेट उचलून वरातीच्या पुढे गेले.